बापाचा पासपोर्ट ब्रिटिश, मग लेक कुणाची?

पत्र:

ताई, मी मूळची कोरेगावची, सातारा जिल्ह्यातली. सहा वर्षं दुबईत नोकरी करतेय. माझा पासपोर्ट भारतीय. नवरा गुजराती घरातला, पण ब्रिटिश नागरिक. सासऱ्यांनी १९८५ साली लेस्टरला असताना ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, मग नोकरीसाठी मस्कतला गेले. सासूबाईंचा पासपोर्ट शेवटपर्यंत भारतीयच होता. नवऱ्याचा जन्म १९९१चा, मस्कतचा. अकराव्या वर्षी तो लेस्टरला गेला, सत्ताविसाव्या वर्षी दुबईला आला. पाच आठवड्यांपूर्वी आम्हाला इथेच मुलगी झाली. सासरे म्हणतात, ब्रिटिश पासपोर्टच काढा. माझी आई म्हणते, आपला काढ, नाहीतर नात परकी होईल. नणंद म्हणते, दोन्ही काढा, कोण बघतंय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, सरळ ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड करून टाक. नवऱ्यानं ब्रिटिश पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म उघडला आणि स्वतःच्या जन्मस्थानाच्या प्रश्नाशी अडला. त्यानं लॅपटॉप मिटला, तो चार दिवस तसाच आहे. काय करू?
– एक आई, दुबई

ता. क. जन्मदाखल्यावर मुलीच्या नावात एक ए आहे, बारशाच्या पत्रिकेवर नणंदेनं दोन ए छापले. पासपोर्टवर कुठला घालू?

उत्तर:

सव्वा महिना धड झाला नाही तोवर चार माणसांनी तुम्हाला चार सल्ले दिले. मी पाचवी. पण एक सांगते, त्या चौघांपेक्षा तुमच्या नवऱ्याची अडखळ जास्त शहाणी आहे. तो ज्या प्रश्नाशी थांबला, गोम तिथेच आहे.

नवऱ्याचा पासपोर्ट हातात घ्या आणि फोटोचं पान उघडा. राष्ट्रीयत्वासमोर ब्रिटिश नागरिक असं छापलेलं दिसेल. लंडनमध्ये जन्मलेल्याच्या पासपोर्टावरही नेमकं हेच असतं. फरक काही ओळी खाली, जन्मस्थानाच्या रकान्यात आहे: मस्कत. ब्रिटनचा नागरिकत्वाचा कायदा १९८१चा, तो १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. त्यात ब्रिटिश नागरिकांचे दोन प्रकार केले आहेत. ब्रिटनमध्ये जन्मलेले किंवा रीतसर अर्ज करून नागरिक झालेले, हा एक. ब्रिटनबाहेर जन्मले, पण आईबाप ब्रिटिश म्हणून नागरिक झाले, हा दुसरा. या दुसऱ्यांना 'बाय डिसेंट' म्हणतात. ब्रिटनमध्ये राहण्याचे, मतदानाचे, नोकरीचे हक्क दोघांना अगदी सारखे. पण दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ब्रिटनबाहेर मूल झालं, तर ते मूल आपोआप ब्रिटिश होत नाही.

तुमचे सासरे पहिल्या प्रकारचे, म्हणून मस्कतला जन्मलेला त्यांचा मुलगा ब्रिटिश झाला. तुमचा नवरा दुसऱ्या प्रकारचा, म्हणून दुबईत जन्मलेली त्याची मुलगी झाली नाही. परदेशात एक पिढी चालते, पुढच्या पिढीला विचारावं लागतं. सासरे ब्रिटिश सरकारच्या सेवेत म्हणून मस्कतला गेलेले असते तर हिशेब वेगळा झाला असता, पण तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. तेव्हा तो फॉर्म पुढे भरू नका. 'पासपोर्ट द्या' असा तो फॉर्म आहे, आणि पासपोर्ट नागरिकालाच मिळतो.

आता जरा जड बातमी. तुमची मुलगी आज भारतीयही नाही.

आईच्या बाजूनं नागरिकत्व मिळण्याची सोयच आपल्याकडे उशिरा आली. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाचा बाप भारतीय असला तरच मूल भारतीय. आई भारतीय असून उपयोग नव्हता. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या वयाची, परक्या बापाची आणि भारतीय आईची जी मुलं तेव्हा बाहेर जन्मली, त्यांना आईकडून काहीच मिळालं नाही. तुमच्या नवऱ्याचंच बघा ना, तो १९९१चा. सासूबाई भारतीय असूनही तो जन्मानं भारतीय झाला नाही. आता आई किंवा बाप, दोघांपैकी एक भारतीय असला की पुरतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून त्याला एक अट जोडली आहे: मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये झाली पाहिजे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ ची भाषा सरळ आहे. नोंद झाली तर नागरिक, नाही झाली तर नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. ती मिळू शकते, पण ते दार तुमच्या हातात राहत नाही.

अमिरातीत जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व परदेशी लोकांच्या मुलांना मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे हिशेब असा झाला: बाप ब्रिटिश, आई भारतीय, जन्म दुबईचा, आणि लेक आजच्या तारखेला कागदोपत्री कुणाचीच नाही. घाबरू नका. हे एका अर्जानं मिटणारं दुखणं आहे, आणि सहीचं पेन तुमच्याच हातात आहे.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुम्ही सातव्या महिन्यात कोरेगावला गेला असता आणि मुलगी साताऱ्याच्या एखाद्या दवाखान्यात झाली असती, तर यातलं काहीच उद्भवलं नसतं. भारतात जन्म, आई भारतीय, बाप बेकायदा घुसलेला नाही, एवढ्यावर मूल जन्मतःच भारतीय. कॉन्सुलेट नको, वर्षाची मुदत नको. आजीबाईंची जुनी रीत आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ मध्ये अशी चपखल बसते. (हा टोमणा नाही हं. नोकरी, रजा, नवऱ्याची सोय, सगळं मला कळतं. दुसऱ्या खेपेला आठवलं तर आठवा.)

आता घड्याळाकडे बघू. तुमच्यासमोर दोन घड्याळं चालू आहेत आणि लहान घड्याळ आधी वाजणार आहे. अमिरातीत नवजात बाळाचा निवासी व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत करावा लागतो, पुढे दिवसागणिक दंड. व्हिसा लावायला पासपोर्ट हवा, पासपोर्टला नागरिकत्व हवं, आणि नागरिकत्वाला नोंद हवी. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस गेले. उरले ८५. वर्षाच्या मुदतीचा विचार करत बसाल तर ही १२० दिवसांची मुदत नकळत निघून जाईल. तेव्हा कुठला पासपोर्ट चांगला हा वाद निदान या घडीला गैरलागू आहे. एवढ्या दिवसांत होण्यासारखा एकच रस्ता आहे, तो भारतीय.

काम असं करायचं. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर जन्मनोंदणीचा अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत काढायची. सोबत बाळाचा जन्मदाखला, तुमच्या दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला. अर्जावर तुम्हा दोघांच्याही सह्या लागतात आणि एक निवेदन द्यावं लागतं, की या मुलाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही. या निवेदनाशी तुमच्या नणंदेचा सल्ला कोलमडतो. 'दोन्ही काढा, कोण बघतंय' याला उत्तर असं, की तुम्ही स्वतः लिहून देता आहात आणि ते लिहिलेलं सरकारकडे राहतं. आपल्याकडे परदेशी पासपोर्ट घेणं हा परदेशी नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानतात. नागरिकत्व नियमांच्या परिशिष्टातच ते तसं लिहिलेलं आहे, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो नियम उचलून धरला. दोन पासपोर्ट दोन खिशांत ठेवून वावरणारी माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. विमानतळाच्या खिडकीशी एखाद्या दिवशी त्यांची जी तारांबळ होते, तीही मी पाहिली आहे. तुमच्या पोरीला त्यात घालू नका.

मग बाळाच्या पासपोर्टचा अर्ज. त्यालाही आईबाप दोघांची घोषणा लागते, परिशिष्ट ड म्हणतात ते. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. एवढंच.

मैत्रिणीच्या ओसीआयचं काय, तर तो सल्ला उलट्या टोकापासून सुरू होतो. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. नावात सिटिझन शब्द घालणाऱ्यानं मोठाच घोळ घालून ठेवला आहे. ते कार्ड परदेशी नागरिकाला मिळतं, म्हणजे आधी परदेशी पासपोर्ट हवा, मग त्याच्या जोरावर कार्ड. तुमच्या मुलीकडे परदेशी पासपोर्ट नाही आणि आज मिळणारही नाही. तेव्हा ओसीआय तूर्तास बाजूला.

आता सासऱ्यांकडे येते, कारण खरं तर ते पूर्णपणे चुकलेले नाहीत. त्यांचा रस्ता बरोबर आहे, दार तेवढं चुकलं.

त्याच १९८१च्या कायद्यात कलम ३(२) आहे. बाप बाय डिसेंट असला, पण बापाचे आई किंवा वडील पहिल्या प्रकारचे नागरिक असले, आणि बापानं मुलाच्या जन्माआधी आयुष्यात कधीतरी सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये काढलेली असली, तर मुलाला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क आहे. त्या तीन वर्षांत देशाबाहेर एकूण २७० दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. तुमचा नवरा सोळा वर्षं तिथे होता. शाळेच्या काळातली कुठलीही तीन वर्षं उचला. अर्ज मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत करायचा. फी हजार पौंडांच्या घरात जाते आणि निकालाला महिने लागतात, म्हणून १२० दिवसांच्या शर्यतीत हा घोडा उपयोगाचा नाही. पण शर्यत संपल्यावरही तो तबेल्यात उभा असतो, अठरा वर्षं.

आणि नीट बघा, तुमची मुलगी ब्रिटिश होऊ शकते ती बापाच्या पासपोर्टवर नव्हे, आजोबांच्या १९८५च्या दाखल्यावर. सासऱ्यांशी बोलताना हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. 'तुमचं ऐकत नाही' असं ऐकणं वेगळं आणि 'बाबा, सगळं तुमच्या कागदावर अडलंय' असं ऐकणं वेगळं. मग त्यांना तो नागरिकत्वाचा मूळ दाखला शोधायला सांगा. त्या पिढीचे असे कागद कुठे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बँक पासबुकांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तो सापडला की चांगली रंगीत प्रत काढून ठेवा. नवऱ्याच्या शाळेचे दाखले, कॉलेजची पत्रं, पहिल्या नोकरीच्या कराचे कागद, जुने रद्द झालेले पासपोर्ट, सगळं एका फाइलीत घाला. मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर शोधायला निघालात तर सासरे असतील-नसतील, लेस्टरचं घर विकलेलं असेल, शाळेचं नाव बदललेलं असेल. माझ्या नात्यातल्या एकीला आजोबांचा असाच एक कागद मिळाला नाही म्हणून दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार करावा लागला होता. गोव्याच्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्या आजोबांच्या जन्मनोंदीसाठी पोर्तुगालपर्यंत खेपा घालणारी कितीतरी घरं तिथे आहेत.

पण ब्रिटिश नोंदणी कराल त्या दिवशी काय होईल, हे डोळे उघडे ठेवून बघा. ते आपोआप मिळालेलं नागरिकत्व नसेल, तुम्ही मागून घेतलेलं असेल. तेव्हा मुलीचा भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, आणि मग तुमच्या मैत्रिणीचं ओसीआय खऱ्या अर्थानं कामाला येईल. त्या कार्डावर आयुष्यभर भारतात येता-जाता येतं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र येऊ शकते. म्हणजे कोरेगावच्या सातबाऱ्यावर उद्या तुमच्या मागं तिचं नाव लागायला अडचण नाही, शेजारचं रान घ्यायचं म्हणाली तर आहे. तुमच्या आईला 'नात परकी होईल' म्हणजे नेमकं हेच वाटत असेल, तर निम्मी काळजी मिटली असं सांगा.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेक आईबापांचं लक्ष उशिरा जातं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईई या प्रवेशपरीक्षा देता येतात, पण जागा अनिवासी भारतीयांच्या कोट्यातल्या किंवा जादा ठेवलेल्याच. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ही अट आधीच्या कार्डधारकांना लागू नाही असं सांगितलं, पण तुमच्या मुलीचं कार्ड तर त्या तारखेनंतरचंच असणार. तिला पुण्यात डॉक्टर व्हायचं असेल, तर बारावीच्या आधी पासपोर्ट बदलण्याची घाई करू नका. हे लिहिताना मला हसू येतंय, कारण बाळ अजून मान धरत नाही आणि मी तिला बीजे मेडिकलच्या वर्गात बसवलं. पण कागदांचं असंच असतं, ते माणसाच्या पुढे चालतात.

भारतीय रस्त्याचा तोटाही लपवत नाही. मुलीकडे भारतीय पासपोर्ट आहे तोवर लेस्टरला आजोबांकडे जायचं म्हटलं की तिला व्हिसा लागणार. बाप पुढे रांगेतून निघून जाईल आणि तुम्ही मायलेकी दुसऱ्या रांगेत. दरवेळी फॉर्म, फोटो, फी. सासऱ्यांना याचाच राग आहे असं मला वाटतं. नातीला आपल्या घरी यायला परवानगी लागावी, हे त्यांच्या मनाला लागतंय. त्यांचं ते दुखणं मान्य करा, त्यावर वाद घालू नका.

आणि पुढेमागे तुम्ही तिघं ब्रिटनला राहायलाच गेलात, तर हजार पौंड भरून आधी ३(२) खाली नोंदणी करू नका. तीन वर्षं आईबाप आणि मूल तिथे राहिल्यावर कलम ३(५) लागू होतं. दोन्हीकडून नागरिकत्व मिळतंच, पण ३(२) नं मिळालेलं बाय डिसेंट असतं, तुमच्या नवऱ्यासारखं. ३(५) नं मिळालेलं तसं नसतं. म्हणजे तुमच्या मुलीला उद्या सिंगापूरला किंवा परत दुबईत मूल झालं, तर तिला असं पत्र लिहायची वेळ येणार नाही. अर्थात राहायला जाण्यासाठी आधी तिचा व्हिसा लागेल, हे ओघानं आलंच.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून जे एका ओळीत उडवलं आहे, ते मला सगळ्यात जास्त खुपलं. जन्मदाखल्यावर मुलीच्या नावात एक ए आहे आणि बारशाच्या पत्रिकेवर नणंदेनं दोन ए छापले, 'पासपोर्टवर कुठला घालू?' म्हणता. दाखल्यावरचा. नवं स्पेलिंग कितीही आवडलं तरी आज नाही. नोंद, पासपोर्ट, व्हिसा तिन्हीकडे दाखल्यावरचंच नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, आणि पुढे ब्रिटिश अर्ज कराल तेव्हा तिथलं खातंही दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर तेच नाव आहे का ते बघतं. दोन ए हवेच असतील तर आधी दाखलाच दुरुस्त करून घ्या, आणि तो याच आठवड्यात. १२० दिवसांतले चार तर लॅपटॉपनंच खाल्लेत.